माझ्या भावाची शाळा

(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या तेरखेड्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याला प्रथम फटाके आठवतात. वाशी तालुक्यातील हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले असून शोभेची दारू व फटाके तयार करण्याचा येथील व्यवसाय दूरवर माहीत आहे. अशा गावातल्या मुलांची आवाजाची भीती लवकर मोडते, असे आमची आजी म्हणत असे. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात फटाक्यांच्या माळा तडतडत होत्या आणि तो आत गाढ झोपला होता. आजी कौतुकाने म्हणाली, "लेकरू लई धीट हाय." त्या लेकराला ऐकूच येत नाही हे समजायला आम्हाला आणखी दोन वर्षे लागली.

आज तो सतरा वर्षांचा आहे. जिल्ह्याबाहेरच्या एका निवासी मूकबधिर विद्यालयातून त्याने या वर्षी दहावीची परीक्षा दिली. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दुसरा आपण व्हावे अशी त्याची इच्छा आहे. ती पुरी होईल की नाही, हे पुष्कळसे आपणा सर्वांवर अवलंबून असल्यामुळे या मुलांचे शिक्षण कसे चालते, त्यांचे शाळेतले वर्ष कसे जाते आणि त्यांची भाषा म्हणजे काय, हे वार्षिकांकाच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावे असे वाटले. मी स्वतः त्याची सख्खी बहीण असूनही गेल्या वर्षापर्यंत यातले फारच थोडे जाणत होते, हे आधीच कबूल करते.

प्रथम शब्दाविषयी. आपण सर्रास 'मूकबधिर' म्हणतो. शाळांच्या पाट्यांवरही तोच शब्द आहे. वस्तुतः या मुलांचा गळा, जीभ, स्वरयंत्र सर्व काही आपल्यासारखेच असते. मूल बोलायला शिकते ते ऐकून. कानावर शब्दच पडला नाही तर तो तोंडातून येणार कोठून? म्हणून आता 'कर्णबधिर' हा शब्द अधिक योग्य मानला जातो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असेल तर ती व्यक्ती बधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी, असे धरतात. आपले नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. माझ्या भावाची हानी याहून बरीच जास्त आहे. सुतळी बॉम्ब जवळ फुटला तर त्याला तो छातीत धक्का बसल्यासारखा 'कळतो', एवढेच.

श्रवणयंत्र लावले की प्रश्न मिटला, असे लोकांना वाटते. चष्म्याने दिसते तसे यंत्राने ऐकू येत नाही. यंत्र आवाज मोठा करते. तो आवाज म्हणजे कोणता शब्द, हे मेंदूला लहानपणीच शिकावे लागते. पहिली चार-पाच वर्षे ही भाषा रुजण्याची वर्षे. म्हणूनच जन्मल्यावर लवकरात लवकर कानांची तपासणी व्हावी आणि दोष आढळल्यास यंत्र, शस्त्रक्रिया किंवा खुणांची भाषा, जे शक्य असेल ते तत्काळ सुरू व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. आमच्याकडे त्या वर्षांत येरमाळ्याच्या येडाईला नवस झाला, जिभेला मध-वेखंड झाले, "काही पोरं उशिरा बोलतात" हे ऐकून झाले. आईबापूंना मी दोष देत नाही. दोघेही शाळेत फारसे गेलेले नाहीत, आणि वेळेवर सांगणारे कोणी भेटले नाही. कानयंत्र आले तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि शाळेत गेला तेव्हा सात वर्षांचा.

तोपर्यंत घरात त्याच्याशी बोलायला आमच्याजवळ पंचवीस-तीस खुणा होत्या. तोंडाशी हात नेला की जेवण, गालाखाली तळहात ठेवला की झोप, बोट उगारले की मार. 'का' या प्रश्नाला खूण नव्हती. 'उद्या' नव्हते, 'आठवण' नव्हती. तो नऊ वर्षांचा असताना आजी वारली. तो वसतिगृहात होता. दिवाळीला घरी आला आणि आजीची बाज मोकळी पाहून त्याने हाताने विचारले. आम्ही सर्वांनी वर आकाशाकडे बोट दाखवले. तो माळवदावर चढून पाहून आला. नंतर त्याने दोन दिवस कोणाकडे पाहिले नाही. आपण त्याला काय सांगितले आणि त्याला काय कळले, याचा त्या वेळी आमच्यापैकी कोणीही विचार केला नाही.

कर्णबधिर मुलांपैकी शंभरात नव्वदाहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आपण आपली भाषा आईकडून घेतो. या मुलांच्या बाबतीत आईची भाषा त्यांना ऐकू येत नाही आणि त्यांना जमणारी भाषा आईला येत नाही. मग ती त्यांना मिळते कोठे? शाळेत, आणि त्यातही वर्गापेक्षा वसतिगृहात, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना. माझ्या मते या शाळांविषयी समजून घेण्याची मुख्य गोष्ट हीच आहे.

गेल्या जूनमध्ये बापूंऐवजी मी त्याला शाळेत सोडायला गेले आणि पुढे वर्षभर पालकसभा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन अशा निमित्तांनी जात राहिले. जूनच्या पहिल्या दिवशी तेथे दोन तऱ्हेची मुले दिसतात. सहा-सात वर्षांची नवी मुले आईचा पदर सोडत नाहीत. कोणी कोठे आणून सोडले आणि का, हे त्यांना सांगण्याची सोयच नसते. जुनी मुले मात्र फाटकातून आत येताच पळत सुटतात आणि दहा-दहांच्या घोळक्यात त्यांचे हात सुरू होतात. दोन महिन्यांचे साठलेले बोलणे असते ते. माझा भाऊ घरी मान खाली घालून बसणारा, अबोल मुलगा. तेथे तो पाच-सहा मित्रांना काही हकीगत सांगत होता आणि ती मुले हसून हसून बेजार झाली होती. माझा भाऊ विनोदी आहे ही गोष्ट मला त्या दिवशी, वयाच्या अठराव्या वर्षी, कळली.

तेथे प्रत्येकाला खुणेचे नाव असते. कागदावरचे नाव प्रत्येक वेळी बोटांनी लिहिणे लांबते, म्हणून एखाद्या लक्षणावरून मुले नाव ठेवतात. भावाच्या डाव्या भुवईवर लहानपणची खोक आहे. भुवईला बोट लावले की तो. नव्या मुलाला असे नाव मिळाले की तो त्या गावचा झाला असे समजावे.

शाळेची घंटा म्हणजे भिंतीवरचा दिवा. तास संपला की तो उघडझाप करतो. वर्गात दहा-बाराच मुले असतात आणि ती रांगेत न बसता अर्धवर्तुळात बसतात, कारण सर्वांना शिक्षकांचे तोंड आणि एकमेकांचे हात दिसावे लागतात. कोणाचे लक्ष वेधायचे तर खांद्याला हात लावतात, हात हलवतात किंवा जमिनीवर पाय आपटतात. कंप पायांना जाणवतो. टाळ्या वाजवायच्या तर दोन्ही हात वर करून पंजे हलवतात.

खालच्या वर्गांत वाचाशिक्षणाचा तास असतो. आरशासमोर बसून मुलगा शिक्षिकेच्या आणि स्वतःच्या ओठांकडे पाहतो. 'प' उच्चारताना तोंडापुढे धरलेला कागदाचा कपटा हलतो, 'म' म्हणताना हलत नाही पण नाकावर ठेवलेल्या बोटाला कंप जाणवतो, अशा रीतीने एकेक अक्षर कमवावे लागते. ओठ वाचणेही वाटते तितके सोपे नाही. आरशात पाहून 'पापा', 'बाबा', 'मामा' हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून पाहावे. तिन्ही सारखेच दिसतात. 'काका' तर घशातच होतो, ओठांवर जवळजवळ काही दिसत नाही. अर्धे पाहायचे आणि अर्धे अंदाजाने भरायचे, असे ते काम आहे.

मराठीचा तास त्याहून कठीण. खुर्ची 'ती', पाट 'तो' आणि पुस्तक 'ते', हे आपल्याला कोणी शिकवले? ऐकून ऐकून ते आपोआप बसले. ज्याने ते कधी ऐकले नाही त्याला प्रत्येक शब्दाचे लिंग आणि प्रत्येक विभक्तीचा प्रत्यय पाठ करावा लागतो. भावाच्या वहीत "मी भात खाणे संपले" असे वाक्य मी पाहिले होते आणि दहावीच्या मुलाला साधे वाक्य येत नाही म्हणून मला लाज वाटली होती. त्या वाक्याचे मूळ मला पुढे उमगले.

खुणांची भाषा ही हातवाऱ्यांची नक्कल नसून तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक शब्द सहसा शेवटी येतो : 'तू – नाव – काय'. काळ दाखवणारा शब्द आरंभी येतो : 'उद्या – मी – गाव – जाणे'. क्रिया पुरी झाली हे सांगायला 'संपले' ही वेगळी खूण असते. भावाचे ते वाक्य म्हणजे त्याच्या भाषेतले बिनचूक वाक्य होते. त्याने ते शब्दशः मराठीत उतरवले होते इतकेच. 'देणे' या खुणेत हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, त्यामुळे कोणी कोणाला दिले हे सांगायला प्रत्यय लागत नाही. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. ओठावर मिशीची जागा दाखवली की पुरुष, नाकपुडीवर चमकीच्या जागी बोट ठेवले की स्त्री. आपल्या मातीतल्या किती गोष्टी या भाषेत मुरल्या आहेत पाहा.

असे असता या भाषेला मान का मिळाला नाही? त्याला इतिहास आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी खुणांच्या साहाय्याने कर्णबधिर मुलांना शिकवणारी शाळा काढली. परंतु १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने या मुलांना केवळ वाचेनेच शिकवावे, खुणा वापरू नयेत, असा ठराव केला. खुणा केल्या तर मुले बोलायला शिकणार नाहीत, ही त्यामागची समजूत. भारतातील पहिली कर्णबधिरांची शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास सुरू झाली ती याच काळात. पुढे देशात शाळा वाढल्या त्या बहुतांशी हीच समजूत घेऊन. वर्गात हात बांधून बसायचे आणि वसतिगृहात गेल्यावर बोलायचे, अशा रीतीने ही भाषा मुलांनीच पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली. पंडितांची भाषा संस्कृत असताना ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ लोकांच्या मराठीत आणला. लोकभाषेला शास्त्र नसते असे समजणारे त्याही काळी होतेच, हे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये.

सुदैवाने मत बदलत गेले. १९६० साली विल्यम स्टोको या अमेरिकन अभ्यासकांनी खुणांच्या भाषेलाही शब्दघटना आणि नियम असतात हे भाषाशास्त्राच्या कसोटीवर दाखवले. आपल्याकडे १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राने तयार केलेल्या चित्रफितींच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. मिलानच्या ठरावाबद्दल २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेत खेद व्यक्त करण्यात आला. त्याला १३० वर्षे जावी लागली.

पुन्हा शाळेकडे वळते. वर्षभर तेथे जे चालते ते आपल्यासारखेच आहे आणि नाहीही. पंधरा ऑगस्टला मुले राष्ट्रगीत हातांनी म्हणतात; सर्वांचे हात एकदम वर जातात आणि मैदान शांत असते. जेवताना एक हात ताटात असल्याने बोलणे एका हाताने चालते आणि गृहपालांना "आधी जेवा" हे सारखे सांगावे लागते. रात्री दिवे मालवले की संभाषण तेथेच तुटते, कारण अंधारात ही भाषा दिसत नाही. म्हणून थोरली मुले व्हरांड्यातल्या दिव्याखाली रेंगाळतात. तेथेच धाकट्यांना गोष्टी कळतात : सिनेमाची कथा, गावाकडची भांडणे, मतदान म्हणजे काय, माणूस मरतो म्हणजे काय. आजीचे काय झाले हे माझ्या भावाला त्याच व्हरांड्यात नववीतल्या एका मुलाने समजावून सांगितले. आम्हा घरच्यांना जे जमले नाही ते त्या मुलाने केले.

तीन डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास स्पर्धा होतात. शर्यत सुरू करायला शिट्टीऐवजी निशाण खाली येते. बधिर खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९२४ पासून, पॅरिसहून सुरू झाली, हे मला भावानेच सांगितले. जानेवारीत स्नेहसंमेलन झाले. मुले नाचली ती ढोलाचा कंप लाकडी रंगमंचातून पायांना लागतो त्या तालावर. शिवाय समोर शिक्षिका हातांनी मात्रा मोजत होत्या. फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ झाला. या मुलांना परीक्षेत तासामागे वीस मिनिटे अधिक मिळतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु त्या दिवशी परीक्षेची चिंता कोणी करत नव्हते. सगळी मुले रडत होती. आपल्याकडे निरोपसमारंभात थोडे रडतात आणि संध्याकाळी एकाच एस.टी.ने गावी जातात. ही मुले वेगवेगळ्या तालुक्यांतली. प्रत्येक जण आपापल्या गावी परतणार आणि तेथे त्याची भाषा जाणणारा एकही माणूस नसणार. आम्ही शाळा सोडतो; ती मुले शाळेबरोबर आपले भाषेचे गावच सोडतात.

भाऊ घरी आल्यावर मी ठरवले की निदान एक माणूस तरी घरात असावा. खरे म्हणजे जूनपासूनच मी त्या कोशातल्या चित्रफिती मोबाईलवर पाहून रोज दहा खुणा शिकत होते. तो माझ्या चुका काढतो. माझे हात जड आहेत, असे त्याचे मत आहे. आता आमचे बोलणे होते. आईही 'उद्या' आणि 'काळजी' शिकली. एका रात्री त्याने मला विचारले, "ताई, तुझ्या कॉलेजात काय शिकवतात?" मी इतिहास, राज्यशास्त्र, मराठी असे सांगू लागले. त्याने हात थांबवून पुढे विचारले, "तेथे माझ्यासारखे किती आहेत?" मला उत्तर द्यावे लागले, एकही नाही.

मूकबधिर विद्यालये महाराष्ट्रात अनेक आहेत. मात्र माध्यमिक वर्गांपर्यंत नेणाऱ्या शाळा त्या मानाने थोड्या, आणि दहावीनंतर तर वाट फारच अरुंद होते. मुंबईत 'टीच' नावाची संस्था कर्णबधिर तरुणांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी काम करते; पण तेरखेड्याहून मुंबई लांब आणि महाग आहे. बहुतेक मुले शिवणकाम, सुतारकाम, रंगकाम अशा कामाला लागतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण निवड त्यांची असावी. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. जागा कागदावर आहे. बाकावर बसणारा आला तर त्याचे वर्गात काय होईल, हा प्रश्न आहे.

तो सोडवायला फार पैसा लागेल असे मला वाटत नाही. दुभाषा मिळाला तर उत्तमच. तो मिळेपर्यंत गुरुजनांना नम्र विनंती आहे की फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. महत्त्वाची नावे, सनावळ्या आणि सूचना फळ्यावर लिहाव्यात. तासिका रद्द झाल्याचे केवळ तोंडी सांगू नये. विद्यार्थ्यांनी एका वेळी एकानेच बोलावे आणि आपली टिपणवही त्याच्यापुढे सरकवावी. तो ओठ पाहत असेल तर त्याच वेळी त्याला लिहिता येत नाही. त्याच्याशी ओरडून बोलू नये, ओठांचा आकार बिघडतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस खुणा शिकण्याला द्यावा. पन्नास खुणांत वर्गमित्राशी ओळख होऊ शकते. आणि हसणे झाले तर कशाला हसलो तेवढे त्याला लिहून दाखवावे. सर्व हसत आहेत आणि आपल्याला कारण माहीत नाही, याचा त्रास त्याला सर्वांत जास्त होतो, असे त्याने मला सांगितले आहे. आमच्या घरात हे त्याने पुष्कळ वर्षे सोसले.

दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचा अर्ज घेऊन तो माझ्याबरोबर तेरखेड्याहून एस.टी.त बसणार आहे. आपल्यापैकी कोणाला तो फाटकापाशी दिसला, तर त्याच्यासमोर उभे राहून, नेहमीच्या चेहऱ्याने त्याला नाव विचारावे. 'तू – नाव – काय', एवढ्या तीन खुणा पुरेत. तो आधी भुवईला बोट लावील, आणि मग तुमच्यासाठी एखादे नाव शोधू लागेल.